तंगूस की ब्रेड? खाऱ्या पाण्यातल्या दोरीचा हिशेब

खाऱ्या पाण्यात वापरायच्या रिळांवर आज प्रामुख्याने दोन जातींची दोरी भरली जाते. एक नायलॉनची, एकसंध आणि बहुधा पारदर्शक. कोकण किनाऱ्यावर तिला तंगूस म्हणतात, रॉड घेऊन गरवणारे तिला मोनो म्हणतात. दुसरी पॉलिथिलीनच्या केसाहून बारीक तंतूंची वेणी घालून केलेली ब्रेडेड लाइन, बोलण्यात नुसती ब्रेड. दोन्हींच्या वेष्टनावर एक आकडा सगळ्यांत ठळक छापलेला असतो: दोरी किती पौंडांना तुटेल तो. बहुतेक खरेदी या आकड्यावर होते आणि बहुतेक फसगतही त्याच्यामुळेच होते. वीस पौंडांची मोनो आणि वीस पौंडांची ब्रेड कागदावर सारख्या दिसतात. रिळावर, वाऱ्यात, खोल पाण्यात आणि कालवांनी भरलेल्या खडपावर मात्र त्यांचे वागणे इतके वेगळे असते की ताकदीचा विचार सर्वांत शेवटी करावा. त्याआधी पाहायच्या गोष्टी तीन आहेत: दोरीची जाडी, ओढ बसल्यावर ती किती लांबते, आणि घासल्यावर किती टिकते.

रॉड आणि रीळ घेऊन मोठे समुद्री मासे धरण्याचा खेळ कॅलिफोर्नियाजवळील सांता कॅटलिना बेटावर रूढ झाला. चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी जून १८९८ मध्ये तिथे १८३ पौंडांचा ब्लूफिन टूना रॉडवर काढला आणि त्याच वर्षी बेटावरच्या ॲव्हलॉन गावात टूना क्लब स्थापन झाला. तेव्हाची दोरी अळशीच्या धाग्यांना पीळ घालून केलेली असे. तिची ताकद धाग्यांच्या संख्येवरून सांगत. ओला धागा सुमारे तीन पौंड पेलतो असे धरून ९ धाग्यांची दोरी २७ पौंडांची, २४ धाग्यांची ७२ पौंडांची. अळशीचा धागा भिजल्यावर अधिक बळकट होतो, ही तिची मोठी जमेची बाजू. पण ती कुजत असे. दिवसाची मासेमारी आटोपली की रिळावरची सगळी दोरी उलगडायची, गोड्या पाण्यात धुवायची आणि सुकत घालायची, असा रोजचा नेम होता. १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन आजही ३०, ५०, ८० आणि १३० पौंडांच्या वर्गांत विक्रम नोंदवते. ९, १५, २४ आणि ३९ या धाग्यांच्या आकड्यांना तीनने गुणून थोडे वर सरकवले की हेच वर्ग मिळतात. सुंभ जळला, पीळ राहिला.

नायलॉन ६,६ हे द्रव्य अमेरिकेतील विल्मिंग्टन येथे ड्युपाँट कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांच्या गटाने २८ फेब्रुवारी १९३५ रोजी तयार केले. नायलॉन म्हटले की बायकांचे पायमोजे आठवतात, पण बाजारात ते आधी आले दात घासायच्या ब्रशच्या केसांच्या रूपाने, १९३८ मध्ये. ब्रशचा केस हा एकसंध नायलॉन तंतूच, त्यामुळे मासेमारीची दोरी तिथून लांब नव्हती. सुरुवातीची मोनो ताठ होती, रिळावर नीट बसत नसे. युद्धानंतर ती मऊ झाली, त्याच सुमारास स्पिनिंग रीळ लोकप्रिय झाले, आणि १९५० च्या दशकाअखेर अळशीची दोरी मागे पडली. मोनो करण्याची रीत तेव्हापासून मूलतः बदललेली नाही. नायलॉनचे दाणे वितळवून बारीक छिद्रातून दाबून काढतात, तंतू पाण्यात गार करतात आणि मग मूळ लांबीच्या कितीतरी पट ओढतात. ओढल्याने रेणू लांबीच्या दिशेने रांगेत येतात, ताकद येते. पण रांग पूर्ण सरळ होत नाही. उरलेला हा सैलपणा हेच मोनोच्या साऱ्या गुणदोषांचे मूळ आहे.

विणलेली दोरी त्याआधीही होती. डेक्रॉन या पॉलिएस्टर धाग्याची वेणी १९५० च्या दशकात आली. ती मोनोपेक्षा कमी लांबत असे, पण बारीक नव्हती. केव्लारही वापरून पाहिले गेले. तो तंतू गाठीत तीव्र वाकला की दगा देतो. खरा बदल पॉलिथिलीनने घडवला. पिशव्या आणि बादल्या ज्याच्या होतात तेच हे द्रव्य, मात्र रेणू अतिशय लांब, लाखो एककांच्या भाराचे. इतके लांब रेणू एकमेकांत गुंतलेले असतात आणि नुसते वितळवून ओढता येत नाहीत. नेदरलँड्समधील डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेम्स्ट्रा यांनी १९७९ च्या सुमारास त्यावर तोड काढली. पॉलिथिलीन द्रावकात विरघळवून रेणू मोकळे करायचे, ते द्रावण छिद्रातून काढून गार करून जेलीसारखे गोठवायचे आणि मग ते दसपट नव्हे, त्याच्याही कितीतरी पट ओढायचे. या तंतूत रेणू जवळपास पूर्ण सरळ उभे राहतात. डायनीमा आणि स्पेक्ट्रा या नावांनी तो बाजारात आला, बुलेटप्रूफ जाकिटांत आणि जहाजांच्या दोरखंडांत गेला, आणि १९९० च्या दशकात रिळांवर चढला. रेणू सरळ असल्याने ब्रेड ताकदीच्या मानाने अतिशय बारीक असते आणि तुटेपर्यंत जेमतेम तीन-चार टक्के लांबते. मोनो पंधरा ते तीस टक्के लांबते.

वेष्टनावरच्या आकड्यांत बरेच काही लपलेले असते. नायलॉन पाणी पिते, पूर्ण भिजल्यावर वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत, आणि ओली मोनो कोरडीपेक्षा दहा-पंधरा टक्के कमजोर असते. विक्रमांसाठी दोरीची चाचणी म्हणूनच भिजवून घेतात. पॉलिथिलीन पाणी पीत नाही; ब्रेडचा ओला-कोरडा आकडा एकच. ज्या मोनोवर तिचा विक्रम-वर्ग छापलेला असतो ती ओली असताना त्या आकड्याच्या आत तुटेल अशी केलेली असते. साध्या मोनोला असे बंधन नाही, ती बहुधा छापील आकड्याच्या वर तुटते. जपानी ब्रेडवर पौंडांबरोबर पीई क्रमांक असतो. तो जाडीचा, म्हणजे धाग्याच्या वजनाचा क्रमांक आहे: पीई १ म्हणजे २०० डेनियर. कारखान्यागणिक त्या क्रमांकाची ताकद वेगळी निघते. चांगल्या मालात पीई २ सुमारे ३० ते ४० पौंड आणि पीई ८ सुमारे ८० ते १०० पौंड पेलते. स्वस्त, अनोळखी ब्रेडवर छापलेला व्यास प्रत्यक्षापेक्षा बारीक आणि ताकद प्रत्यक्षापेक्षा जास्त असण्याचा अनुभव नेहमीचा आहे. अशी ब्रेड घेण्यापेक्षा त्याच पैशात नावाजलेली मोनो घेणे शहाणपणाचे. हलक्या दर्जाची मोनो फार तर लवकर म्हातारी होते. हलक्या दर्जाची ब्रेड पहिल्याच मोठ्या माशाला दगा देते.

वेणीच्या पदरांचाही विचार करावा लागतो. चार पदरी ब्रेड खडबडीत असते, गाइडमधून, म्हणजे रॉडवरच्या कड्यांतून, जाताना घरघरते, पण तिचा एकेक पदर जाड असल्याने घासणीला थोडी जास्त टिकते. आठ पदरी गोल आणि गुळगुळीत असते आणि लांब फेकली जाते. बाराच्या पुढचे पदर हा मुख्यतः किमतीचा विषय आहे.

जाडीचा पहिला हिशेब रिळातल्या स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळली जाते त्या फिरकीवर, होतो. स्पूलमध्ये किती मीटर दोरी मावेल हे व्यासाच्या वर्गावर ठरते. वीस पौंडांची मोनो साधारण ०.४० मिलिमीटर जाड असते आणि तेवढ्याच ताकदीची ब्रेड साधारण ०.२३ मिलिमीटर. ज्या रिळावर २०० मीटर मोनो बसते त्याच रिळावर ६०० मीटर ब्रेड बसते. पन्नास पौंडांत फरक आणखी वाढतो: ०.७० विरुद्ध ०.३६, म्हणजे जवळजवळ चौपट. समुद्रात याला अर्थ आहे, कारण तिथला मासा तळ्यातल्या रोहूसारखा घेर घालून फिरत नाही. कुपा किंवा सुरमई एका दमात शंभर-दीडशे मीटर दोरी नेते. पूर्वी एवढी दोरी पोटात घेण्यासाठी रीळ मोठे असावे लागे. ब्रेड आल्यापासून तेच काम मध्यम रिळावर होऊ लागले. सॅन दिएगोहून कित्येक दिवसांच्या सफरीवर जाणाऱ्या टूना बोटींवर जड रिळांच्या जागी लहान रिळे आली, त्यामागे हाच हिशेब होता.

याच हिशेबाचा दुसरा भाग सहसा दुर्लक्षित राहतो, आणि दोरी तुटून मासे जाण्याचे एक मोठे कारण तोच असतो. रिळाचा ब्रेक, म्हणजे ड्रॅग, स्पूलच्या आसावर ठरावीक घर्षण लावतो. दोरी ज्या व्यासावरून सुटते तो व्यास जसा कमी होतो तशी तीच दोरी सोडवायला जास्त ओढ लागते. भरलेल्या स्पूलवर दोरीचा घेर ६० मिलिमीटर व्यासाचा असताना ड्रॅग ५ किलोवर लावलेला असेल, आणि मासा दोरी नेता नेता घेर ४० मिलिमीटरवर आला, तर कोणी काहीही न फिरवता ड्रॅग साडेसात किलो झालेला असतो. त्यात पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या शेकडो मीटर दोरीचा विरोध मिळवायचा आणि गाठीमुळे घटलेली ताकद वजा करायची. १५ किलोची दोरी अशी हळूहळू काठाशी येते. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर लावावा ही सर्वत्र पाळली जाणारी रीत याच कारणाने आली. जाड मोनोवर घेर झपाट्याने उतरतो. बारीक ब्रेडवर तेवढीच दोरी गेली तरी स्पूल भरलेलाच राहतो, ड्रॅग जवळपास स्थिर राहतो, आणि बारीक दोरीला पाण्याचा विरोधही कमी होतो. ब्रेडची खरी ताकद वेष्टनावरच्या आकड्यापेक्षा इथे आहे.

लांबण्याच्या गुणाला गरवणारे स्ट्रेच म्हणतात. त्याचे फायदे-तोटे पाण्याच्या खोलीवर आणि माशाच्या तोंडावर ठरतात. ८० मीटर खोलीवर धातूचे नकली आमिष, म्हणजे जिग, उसळवताना मोनो वापरली तर रॉडच्या झटक्याचा बराच भाग दोरी लांबण्यातच संपतो. जिग खाली जेमतेम हलतो आणि माशाने टोचा मारलेला वर कळत नाही. ब्रेडवर जिग तळाला टेकल्याचेही बोटाला कळते. जिगिंगच्या ब्रेडला दर दहा मीटरवर रंग बदललेला असतो, त्यामुळे पाण्यात किती दोरी गेली हे रंग मोजून समजते. प्रवाहात हा फरक आणखी ठळक होतो. भरती-ओहोटीचा ओघ जाड दोरीला फुगवून लांब नेतो आणि तळ गाठायला जड शिसे बांधावे लागते. बारीक दोरी हलक्या शिशावर सरळ उतरते. खोल पाण्यात, निदान जिगिंगपुरता, मोनोचा विचार आता कोणी करत नाही.

पृष्ठभागाजवळ चित्र उलटते. बोटीमागे ल्युअर, म्हणजे नकली आमिष, ओढत सुरमईसाठी ट्रोलिंग चालते तेव्हा धावत्या बोटीचा आणि झेपावणाऱ्या माशाचा वेग एकमेकांवर येऊन आदळतो. मोनो लांबते, धक्का पसरवते, गळ तोंडात रुतायला वेळ मिळतो. ब्रेड धक्का जसाच्या तसा पोचवते. गळ उघडतो, तोंडातून फाटून निघतो किंवा गाठ जाते. मार्लिन उड्या मारू लागला की क्षणात दोरी ढिली पडते आणि पुढच्या क्षणाला ताठ होते. त्या वेळी वीस टक्के लांबणारी दोरी रॉड धरणाऱ्याच्या चुका पोटात घालते. म्हणून मोठ्या ट्रोलिंग रिळांवर आज मधला मार्ग रूढ आहे: खाली कित्येकशे मीटर ब्रेड, वर पन्नास ते शंभर मीटर जाड मोनो. खालची ब्रेड दोरीचा साठा पुरवते, वरची मोनो धक्का झेलते. पोकळ वेणीची ब्रेड असेल तर मोनोचे टोक तिच्या पोटात सरकवून जोडता येते, गाठीचा उंचवटाच राहत नाही.

मोनोच्या या लवचिकतेला एक घातक बाजू आहे. मोठ्या माशाशी झटापट करताना ताणलेली मोनो रिळावर गुंडाळली जाते आणि नंतर आपल्या मूळ लांबीकडे परतू पाहते. शेकडो वेढ्यांचा तो दाब स्पूलवर पडतो. मोनो आली तेव्हा अळशीच्या दोरीसाठी केलेले प्लास्टिकचे स्पूल या दाबाने तडकले, धातूच्या स्पूलच्या कडाही बाहेर वाकल्या. जुन्या बनावटीच्या कन्व्हेन्शनल, म्हणजे आडव्या फिरत्या स्पूलच्या, रिळावर मोनो भरायची असेल तर स्पूल एकसंध धातूचा आहे याची खातरजमा आजही करावी.

आता घासणी, आणि इथे कोकण किनाऱ्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. कातळ, खडप, जेट्टीचे खांब, खाडीतल्या खारफुटीची मुळे, सगळीकडे कालवे आणि बार्नेकल यांची धार असते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडपावरून अनवाणी चाललेल्या कोणालाही ती माहीत आहे. ताठ ओढलेली ब्रेड या धारेला टेकली की एका क्षणात जाते, आणि याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते, कारण याच पॉलिथिलीन तंतूचे हातमोजे सुरीपासून संरक्षण देतात. दोष तंतूचा नाही, मापाचा आहे. पन्नास पौंडांच्या मोनोच्या ०.७० मिलिमीटर जाडीवर ओरखडा पडला तरी आतला गाभा शाबूत राहतो, शिवाय ती लांबून थोडी सरकते. ०.३६ मिलिमीटरच्या ब्रेडमध्ये तेवढ्याच खोल ओरखड्याने अर्धे तंतू गेलेले असतात आणि उरलेल्यांवर सगळा भार येतो. ब्रेड लांबत नाही, त्यामुळे धारेवरचा दाबही कमी होत नाही. दोन्ही दोऱ्या समान जाडीच्या घेतल्या तर निकाल वेगळा येईल, पण तशी ब्रेड कोणी वापरत नाही. बारीकपणासाठीच ती घेतलेली असते.

या पेचाचे उत्तर म्हणजे लीडर. ब्रेडच्या टोकाला जाड मोनोचा किंवा फ्लोरोकार्बनचा तुकडा जोडायचा, जो खडक, मुळे, माशाचे दात आणि हाताची पकड झेलेल. समुद्रात नुसत्या ब्रेडला गळ बांधणे ही काटकसर नाही, निष्काळजीपणा आहे. तेव्हा मोनो की ब्रेड हा प्रश्न प्रत्यक्षात दोन्ही कुठे आणि किती, असा उरतो. लीडरची लांबी जागेवर ठरते. मोकळ्या पाण्यात दीड-दोन मीटर पुरतो. खडपावरून टाकताना चार-पाच मीटर घ्यावा, म्हणजे मासा खडकाखाली घुसला तरी धारेवर लीडरच येतो. फ्लोरोकार्बन दोरी जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये आणली. तिची घनता पाण्याच्या पावणेदोनपट, म्हणून ती चटकन बुडते. तिचा अपवर्तनांक १.४२, म्हणजे नायलॉनच्या १.५३ पेक्षा पाण्याच्या १.३३ ला जवळ, म्हणून ती पाण्यात कमी दिसते. ती कडक असते आणि पाणी पीत नाही. स्वच्छ पाण्यात आणि दिवसाउजेडी तिचा उपयोग आहे. गढूळ खाडीत, पावसाळ्याच्या आगेमागे, तिच्यासाठी जादा पैसे मोजण्याला फारसे कारण नाही. तिथे जाड नायलॉन तेच काम करते. सुरमई आणि बॅराकुडासारख्या धारदार दातांच्या माशांपुढे दोन्ही सारख्याच, तिथे स्टीलची तार लागते.

लीडर आला की गाठ आली, आणि ब्रेडवर नवखे लोक गाठीतच हरतात. पॉलिथिलीन निसरडे आहे. मोनोवर पक्की बसणारी क्लिंच गाठ ब्रेडवर ओढ बसताच सुटून येते. गळाला किंवा कडीला पालोमार गाठ चालते. ब्रेड आणि लीडर यांच्या सांध्यासाठी दुहेरी युनी गाठ अंधारात, हलत्या बोटीवरही बांधता येते, मात्र तिचा उंचवटा गाइडमधून जाताना अडतो. एफजी गाठीत लीडरला पीळ किंवा फास पडतच नाही. ताठ धरलेल्या ब्रेडवर लीडर एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने असा वीस-बावीस वेळा गुंफतात. ब्रेड लीडरला आवळते आणि जितकी ओढ बसते तितकी घट्ट होते. लांब लीडर रिळापर्यंत गुंडाळायचा असेल तर हीच गाठ शिकावी. कोणतीही गाठ आवळण्याआधी ओली करावी. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने उष्णता निर्माण होते. नायलॉन त्याने कमजोर होते, आणि पॉलिथिलीन तर दीडशे अंश सेल्सिअसच्या आतच वितळते.

कोकणात या सगळ्याचा मेळ वेगवेगळा बसतो. खाडीच्या मुखाशी किंवा खारफुटीच्या कडेला जिताडा आणि तांबोशीसाठी ल्युअर टाकताना पीई २ ते ३ ची ब्रेड आणि ४० ते ६० पौंडांचा लीडर हा चांगला मेळ आहे. तांबोशी गळाला लागताक्षणी मुळांकडे धावते. तिला पहिल्या दोन मीटरांत थोपवायचे असते आणि लांबणारी दोरी इथे माशाच्या बाजूने लढते. जिताड्याचे कल्ल्यावरचे झाकण धारदार असते, म्हणून लीडर जाड. उलट धक्क्यावर बसून कोळंबी किंवा बोयचा तुकडा लावून शिशावर तळाशी गरवणाऱ्याला ब्रेडची गरज नाही. मोनो पाण्यापेक्षा थोडी जड, म्हणून सावकाश बुडून तळाशी राहते. ब्रेड हलकी, तरंगते आणि वाऱ्यात पोट काढते. मासा आमिष चाचपतो तेव्हा मोनोची लवचीकता त्याला संशय येऊ देत नाही. शिवाय तळाशी अडकून दोरी तोडावी लागणे हा तिथला रोजचा खर्च, तो मोनोवर परवडतो. पुळणीवरून शंभर ग्रॅमचे शिसे जोर लावून फेकायचे असेल तर मुख्य दोरी कोणतीही असो, पुढे जाड मोनोचा शॉक लीडर हवा. शिशाच्या दर औंसाला दहा पौंड हा त्याचा सोपा हिशेब. चार औंसांना चाळीस पौंड. फेकताना दोरी तुटली तर ते शिसे गोळीसारखे सुटते, आणि किनाऱ्यावर इतर माणसे असतात.

अंदमानात जायंट ट्रेव्हलीसाठी पॉपर, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढायचा ल्युअर, फेकणाऱ्यांपुढे निवडीचा प्रश्नच उरलेला नाही. दीडशे ग्रॅमचा लाकडी पॉपर, वीस-तीस किलोचा मासा आणि खाली प्रवाळाच्या भिंती. तिथे पीई ८ किंवा १० आणि १३० ते २०० पौंडांचा मोनो लीडर हेच चालते. एवढ्या ताकदीची मोनो रिळावर पुरेशी बसणार नाही, बसली तरी फेकली जाणार नाही.

दोरी भरण्यात निवडीइतकेच लक्ष हवे. ब्रेड उघड्या धातूच्या स्पूलवर थेट बांधली तर ओढ बसताच सगळा गुंडाळा स्पूलवर गोल फिरतो आणि ड्रॅग बिघडल्यासारखे वाटते. खाली आठ-दहा वेढे मोनोचे घालावेत. पैसे वाचवायचे असतील तर अर्धा स्पूल स्वस्त मोनोने भरून वर दीडशे-दोनशे मीटर ब्रेड घेतली तरी किनाऱ्यावरच्या कामाला पुरते. ब्रेड ओल्या फडक्यात धरून, चांगली ताठ ठेवून भरावी. सैल भरलेली ब्रेड मोठ्या ओढीखाली स्वतःच्याच खालच्या थरांत रुतते आणि पुढच्या फेकीत तिथेच अडकून ल्युअर तोडून देते. स्पिनिंग रिळावर फेक झाल्यावर बेल, म्हणजे दोरी स्पूलवर वळवणारी तारेची कमान, हाताने मिटावा आणि गुंडाळण्याआधी दोरी ताठ करून घ्यावी. ब्रेडच्या गुंत्यांपैकी निम्म्याहून अधिक गुंते या एका सवयीने टळतात, असे सराईत गरवणारे मानतात. जुन्या रॉडच्या गाइडमधील कड्या साध्या धातूच्या असतील तर ब्रेड त्यांत खाचा पाडते आणि मग त्या खाचा ब्रेड कापतात. ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइडच्या कड्या लागतात.

दोन्हींच्या म्हातारपणाच्या खुणा वेगळ्या. मोनोला ऊन मारते. उन्हातल्या अतिनील किरणांनी ती ठिसूळ होते, स्पूलचा आकार धरून वेटोळी सुटू लागते, बोटांत फिरवली की खरखरीत लागते. नियमित वापरात ती दर हंगामाला बदलावी. ब्रेडचा रंग महिन्याभरात फिका पडतो, त्याने काही बिघडत नाही. तंतू पिंजून लव दिसू लागली की तेवढे मीटर कापून टाकावेत. समुद्राचे पाणी वेणीत मुरून रिळात जाते, सुकल्यावर मिठाचे कण मागे राहतात, आणि ते तंतूंनाही घासतात व रिळाच्या बेअरिंगलाही. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून रिळावर गोडे पाणी हलकेच शिंपडावे. नळाच्या जोरदार धारेखाली धरू नये, त्याने खारे पाणी उलट आत ढकलले जाते. धुऊन झाले, सुकले, की ड्रॅग पुन्हा सैल. ब्रेड वापरली जाते ती वरची साठ-सत्तर मीटर. आतली नवीच राहते. दोन हंगामांनंतर ती दुसऱ्या रिळावर काढून उलटी भरली की जुने टोक तळाला जाते आणि कोरे टोक वर येते. मोनोबाबत असे करण्यात अर्थ नाही.

अडकलेली ब्रेड हाताला गुंडाळून कधी ओढू नये. ती कातडी चिरत हाडापर्यंत जाते. लाकडाच्या दांड्याला तीन-चार वेढे देऊन सरळ रेषेत मागे चालत जावे. निघालेली टाकाऊ दोरी, मोनो असो वा ब्रेड, खडपावर किंवा पाण्यात सोडू नये. दोन्ही वर्षानुवर्षे कुजत नाहीत, आणि पाणपक्ष्यांचे पाय व कासवांचे वल्ह्यासारखे पाय त्यांत अडकतात. कात्रीने तिचे बोटभर तुकडे करावेत, म्हणजे फास राहत नाही, आणि कोरड्या कचऱ्यात टाकावेत.